पडघान साहेबांची आरएक्स

गावाचं नाव सांगत नाही. देऊळघाटाच्या पलीकडे आत कुठेतरी ते आहे, एवढं पुरे. नाव सांगितलं तर गावातले लोक आधी घरावरच्या तारा गुंडाळून ठेवतील आणि मग आमच्या नावानं बोटं मोडतील.

या गावात कारभारी पडघान नावाचे लाइनमन होते. होते म्हणजे अजून आहेत, फक्त रिटायर झाले आहेत. लाइनमनला कुणी साहेब म्हणत नाही, पण हे गाव म्हणायचं, आणि पडघानांनी ते कधी दुरुस्त केलं नाही. माणूस तत्त्वाचा. ड्युटीवर कुणाच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. उन्हाळ्यात स्वतःची बाटली गाडीला लटकवून फिरायचे. बोलायला बसले की गाडी तत्त्वावर यायची आणि मग उतरायचीच नाही.

त्यांचा सगळ्यात मोठा अभिमान एकच. "माह्या हद्दीत एक आकडा दाखवा," असं ते छातीवर हात ठेवून म्हणत. आकडा म्हणजे काय हे शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. वायरीचं टोक वाकवायचं, बांबूनं उचलून खांबावरच्या उघड्या तारेवर अडकवायचं आणि वीज मामाच्या घरची समजून वापरायची. शेजारपाजारच्या गावांत आकड्यांचं जंगल होतं. पडघानांच्या गावात मात्र उभ्या नोकरीत एक सापडला नाही. तालुक्याच्या एका कार्यक्रमात त्याबद्दल त्यांना शाल-श्रीफळ मिळालं. शाल पेटीत गेली, नारळाची चटणी झाली, आणि फोटो ओसरीत असा लावला की आल्यागेल्याचं डोकं त्याला लागावं.

या कीर्तीत त्यांच्या गाडीचा वाटा मोठा होता. यामाहा आरएक्स हंड्रेड, जुनी, अस्सल जपानी इंजिनाची. पडघानांनी सायलेन्सरमधली आवाज दाबणारी जाळी स्वतःच्या हातानं काढून फेकली होती. गाडी नाल्याच्या पुलावर चढली की तिचा आवाज गावाच्या पार दुसऱ्या टोकाला जायचा. कुत्री उठायची, म्हशी कान टवकारायच्या. आणि पडघान गावात शिरायचे तेव्हा माणसं उभी दिसायची. ओट्यावर उभी, भिंतीवर उभी, टिनाच्या छपरावर उभी.

"आवाज आला का मानूस उठून उभा राह्यते. याले म्हन्तात इज्जत," ते स्टँडवरच्या गोकुळ हॉटेलवाल्याला सांगत.

"हाव साहेब," गोकुळ चहा गाळता गाळता म्हणे, "उभे तं राह्यतातच."

घरीही तेच. गाडी गल्लीत वळली की त्यांची बायको रुख्मिणी मागच्या दाराशी उभी असायची. थोडी धापा टाकत, पदर सावरत. तीस वर्षं संसार झालेला आणि बाई अजून आवाज ऐकून धावत उठते, याचं पडघानांना मनातून फार कौतुक होतं. घरही तिनं टुकीनं चालवलं होतं. मागच्या खोलीत घरघंटी घालून ती गल्लीचं दळण दळायची, विजेच्या शेगडीवर रांधायची, आणि तरीही विजेचं बिल गावात सगळ्यांत कमी. पडघान ते बिल खिशात घेऊन फिरत आणि लोकांना काटकसर शिकवत. झिरोचा बल्ब लावा, खोलीतून उठताना बटन बंद करा. लोक गंभीर चेहरा करून ऐकत. हसू आलं तर खाली वाकून चपलेचा अंगठा नीट करत.

मग नोकरीची शेवटची दीड-दोन वर्षं उरली असताना राजूरच्या घाटात आरएक्स जाम झाली. इंजिनाला ऑइल नव्हतं आणि साहेब तिचा आवाज ऐकण्यात गुंग होते. पिस्टन सिलिंडरला असा चिकटला की किक खाली जाईना.

गावावर शोककळा पसरली. हे अलंकारिक बोलणं नाही, लोक खरोखर भेटायला आले. सरपंच भाऊराव तर वर्गणीचा प्रस्ताव घेऊन आले. "साहेब, गाडी आमी दुरुस्त करून देतो. सारं गाव पैसे टाकून राह्यलं. गाडी पाह्यजेच." पडघानांचे डोळे भरून आले, पण तत्त्व आड आलं. लाइनमननं गावाकडून फुकटची सुईसुद्धा घेऊ नये, असं म्हणून त्यांनी सरपंचांना परत पाठवलं. सरपंच फार उदास होऊन गेले.

जावयानं मग त्यांना आपली बॅटरीवरची स्कूटर दिली. आवाज नावालाही नाही. पहिल्याच आठवड्यात पडघान त्या स्कूटरवरून गावात शिरले आणि पाहतात तर काय, गोकुळच्या हॉटेलवर आकडा. पिठाच्या गिरणीवर आकडा. देवळावर आकडा. सरपंचांच्या माडीवर तर दोन, एक खालच्या मजल्याचा आणि एक वरच्या. ज्याला विचारावं तो म्हणे, "आजच टाकला साहेब, आजच." पडघान ते उतरवून पुढे गेले की मागे ते पुन्हा चढत.

त्या दिवशी पडघान घरी आले आणि ताटावरून उठले. "मानूस बिघडला, रुख्मिणे. इकडे माही गाडी गेली अन् तिकडे गावातली इमानदारी गेली."

आता कुठल्याही शहाण्या माणसाला इथे दोन आणि दोन चार दिसले असते. पडघानांना पाच दिसले. त्यांच्या मते गाव चांगलं होतं ते त्यांच्या दराऱ्यामुळे. दरारा आरएक्सवर बसून यायचा. तो आता यायचा बंद झाला, म्हणून गाव नासलं.

"हाव नं," रुख्मिणी म्हणाली. मग जरा थांबून, "पन तुम्ही घरी याले निघाले का मले फोन करत जा. या गाडीचा आवाज नाही येत, जिवाले घोर लागते."

या वयात बायकोची माया अशी वाढावी, यानं पडघानांना भरून आलं. ते रोज न चुकता फोन करू लागले.

रिटायर झाल्यावर त्यांनी एकच ध्यास घेतला. आरएक्सचं इंजिन घरी, स्वतःच्या हातानं बांधायचं. मेकॅनिककडे द्यायचं नाही. तो जाळी परत बसवेल, अशी त्यांना भीती. त्यांना फक्त एक गोष्ट हवी होती. गाडी पुन्हा तशीच वाजावी आणि गाव पुन्हा तसंच उठून उभं राहावं. नाहीतर ओसरीतला तो फोटो खोटा ठरत होता, आणि फोटोबरोबर उभी नोकरी.

असल्या खुळाला घरातली बाई शिव्या घालते. रुख्मिणीनं जुनी परात काढून दिली. "करा तुम्ही. फक्त समोरच्या ओसरीत बसा. मागं येऊ नका, घरघंटीचं पीठ उडते, इंजिन खराब होईन." शेजारणी तिच्या सोशिकपणाचे गोडवे गाऊ लागल्या. पडघान सकाळपासून परातीत डोकं घालून ओसरीत बसत, आणि मागे घरघंटी दिवसभर बिनघोर चालत असे.

काम चाललं ते मात्र पाहण्यासारखं होतं. सिलिंडर खामगावला लेथवर नेऊन आतून कातून आणला. नवा पिस्टन आणला. पिस्टनच्या डोक्यावर एक बाण असतो, तो पुढे, धूर जातो त्या तोंडाकडे ठेवायचा असतो. पडघानांनी तो मागे, सीटकडे ठेवला. ज्याची गाडी त्याच्याकडे बाण, असा त्यांचा हिशेब. चार किका मारल्या तोच आत कटकन आवाज झाला आणि नवी रिंग तुटली. दोष त्यांनी रिंगेला दिला. हल्ली माणसांत दम नाही तर रिंगांत कुठून येणार, असंही वर म्हणाले. रात्रभर मोबाइलवर व्हिडिओ पाहून सकाळी बाण गुपचूप फिरवला, आणि तुटलेली रिंग उकिरड्यात पुरली.

रिंगेचे तुकडे काढायला खालचं सगळं उघडलं, तर मोठं बेअरिंग परत जागेवर बसेना. लोखंड थंड केलं की आक्रसतं आणि ज्यात बसवायचं ते तापवलं की फुगतं, हे त्यांना ठाऊक होतं. बेअरिंग दोन दिवस फ्रीजमध्ये कोथिंबिरीशेजारी राहिलं. इंजिनाचा खालचा डबा तापवायला ते उठले तशी रुख्मिणी आडवी आली. "तुम्ही बसा. मी मागच्या शेगडीवर तापवून आनतो." तिनं तो डबा भाकरीसारखा उलटसुलट तापवून सांडशीत धरून आणून दिला. बेअरिंग टप्पकन बसलं. पडघान म्हणाले, "अशी बायको जपानातबी मिळाची नाही."

दसऱ्याचा मुहूर्त धरला. त्या दिवशी गावात गाड्या धुतात, हळदकुंकू लावतात, झेंडूचा हार घालतात. पडघानांनी आरएक्सला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला आणि किक मारली. तिसऱ्या की चौथ्या किकेला गाडीनं आधी ढगभर पांढरा धूर सोडला, आणि मग ती वाजली. तोच आवाज. भिंतीवरचा फोटो थरथरला. पडघानांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते फक्त धुराचं नव्हतं. रुख्मिणी बाहेर आली नाही. ती मागच्या दाराशी उभी असणार, हे त्यांना न पाहताच माहीत होतं. लिंबू चिरडून गाडी गल्लीबाहेर पडली.

आणि गाव उठून उभं राहिलं.

खरंच राहिलं. ओट्यावर, भिंतीवर, टिनावर. पडघानांची छाती हँडलच्या पुढे गेली. देवीच्या मांडवापाशी ते पोचले तेव्हा स्पीकरवर आरती चालली होती. ती "जय देवी" पाशीच कापली गेली, झगमगणाऱ्या माळा विझल्या, आणि देवी दिवसाढवळ्या अंधारात बसली. गिरणी घरघरत थांबली. सरपंचांच्या माडीवर खुद्द भाऊराव बनियनवर उभे होते आणि त्यांच्या हातात बांबू होता. पडघानांनी मान वर करून नीट पाहिलं. सगळ्यांच्याच हातात बांबू होते. गोकुळच्या हॉटेलपाशी एक वायर वरून येऊन गाडीच्या चाकापुढे पडली, तेव्हा त्यांनी ब्रेक मारला.

गोकुळ टिनावर उभा होता. "नमस्कार साहेब!" आधी तो घाबरला, मग एकदम हसत सुटला. "काय साहेब तुम्ही बी! आवाज आला अन् मी चढलो वर. तुम्ही रिटायर झाले हे ध्यानातच नाही राह्यलं." एवढं बोलून त्यानं पडघानांच्या डोळ्यांसमोर वायर वर ओढली, बांबूनं तारेवर नीट अडकवली, आणि विचारलं, "चहा टाकू का?"

पडघानांनी चहा घेतला नाही. मागे मांडवात आरती जिथे तुटली होती तिथून पुन्हा सुरू झाली. उभ्या नोकरीत आपण गावाला शिस्त लावत नव्हतो, आपण येत असल्याची वर्दी देत फिरत होतो, हे त्यांना त्या आरतीच्या ठेक्यावर हळूहळू कळत गेलं. जाळी तर आपणच काढली होती. लाज अशी वाटली की गाडी ढकलत न्यावी, पण हार घातलेली गाडी ढकलणं त्याहून वाईट दिसलं असतं.

एक घर तरी आपलं आहे, या आशेवर ते गल्लीत वळले. गाडी अंगणात चालूच ठेवून ते ओसरीतून, मधल्या खोलीतून थेट मागच्या दारी गेले.

रुख्मिणी दाराशी उभी होती. पाटावर उभी. धापा टाकत, पदर सावरत. हातात बांबू, आणि परसातल्या जांभळीच्या फांदीआडून खाली आलेली वायर अजून झुलत होती. खोलीत घरघंटी गरगरत मंद होत चालली होती.

पडघानांनी नजरेनं वायरीचा माग वर तारेपर्यंत काढला. मग पडघान म्हणाले, "कवापासून?"

"घरघंटी आनली तवापासून."

"मले काऊन नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तं तुमची शाल गेली असती."

"मले वाटे," ते कसेबसे म्हणाले, "गाडीचा आवाज ऐकून तू माही वाट पाहून राह्यली."

रुख्मिणी पाटावरून उतरली. तिलाही वाईट वाटलं, ते तिच्या तोंडावर दिसलं. "वाटच पाहो नं मी," ती म्हणाली. "पह्यले आकडा काढो, मंग वाट पाहो."

ते ओसरीत परत आले आणि फोटोखाली बसले. अंगणात आरएक्स झोकात वाजत होती, एक ठोका चुकत नव्हता. दसऱ्याच्या पुरणपोळीसाठी टाकलेलं गल्लीचं दळण मागे अर्ध्यावर अडकलं होतं, आणि एक शेजारीण डबा घेऊन केव्हाची दारात उभी होती.

"अवो," मागून रुख्मिणीची हाक आली, "गाडी बंद करता का? दळन राह्यलं."

पडघान उठले. चावी फिरवली, काढून खिशात टाकली.

"केली बंद," ते म्हणाले.

आणि मागे घरघंटी सुरू झाली.