दोरीपलीकडचं जातं

आमच्या गावाचं त्यांनी संग्रहालय केलं. पाहुण्यांनी चपला घालून घराघरात हिंडायचं आणि आम्ही मात्र परवानगी काढून जायचं, असलं संग्रहालय!

गाव ठाण्याजवळ, खाडीच्या काठी. स्वातंत्र्यानंतरच्या एका वादळात बांध फुटला, खारं पाणी घरांत शिरलं आणि शेतं कायमची नासली. सरकारी माणूस आला, म्हणाला, इथून उठा. आम्ही उठलो आणि ठाण्यात खोपटला चाळीतल्या एका खोलीत येऊन पडलो. काही वर्षांनी शहरातल्या शिकल्यासवरल्या लोकांची एक समिती तिथे पोचली. त्यांनी पडक्या भिंतींना टेकू दिले, दारांना दोऱ्या बांधल्या आणि वेशीवर पाटी लावली, 'रहिवाशांनी सोडून दिलेले गाव'. सोडून दिलेले! अरे, आम्हाला उठवलं होतं! गाव सोडणं आणि गाव उठणं यातला फरक ज्यांना कळत नाही, ते आमचं गाव लोकांना समजावून सांगणार.

माझं लग्न ठरलं तेव्हा आईनं हट्टच धरला, लेकीची हळद आपल्याच जात्यावर दळायची. पाणी शिरलं तेव्हा जड म्हणून ते मागे राहिलं होतं. आम्ही दोघी गेलो. जातं आमच्याच ओटीवर, पण दोरीपलीकडे. समितीचे चिटणीस म्हणाले, "वस्तू हलवता येणार नाही. पण इथेच दळा की! रविवारी या, पाहुण्यांनाही बघायला मिळेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आमच्याच घरात आमचा तमाशा?"

"गप गं," आई म्हणाली. "हळद होऊ दे आधी."

रविवारी चाळीतल्या सवाष्णींना घेऊन गेलो. आईनं जात्याला कुंकू लावलं, खुंट्याला आंब्याची पानं बांधली. आमच्यात पहिली मूठ टाकताना आई ओवी म्हणते, लेकीचं नाव त्यात गुंफून. आईनं मूठ टाकली, घसा खाकरला. तेवढ्यात चिटणीस टाळ्या वाजवत पुढे आले. "शांतता! आता या बाई जुनं गाणं म्हणणार आहेत. मोठ्यानं हं बाई, मागच्यांनाही ऐकू गेलं पाहिजे."

आईनं ओठ मिटले.

"म्हण ना गं," मी तिच्या कानाशी म्हटलं. तिनं नुसती मान हलवली आणि खाली बघून दळत राहिली. पाहुणे कंटाळून पुढच्या घराकडे गेले, तरी ती बोलली नाही.

माझ्या नावाची ओवी मी कधी ऐकलीच नाही. नंतर घरी म्हणवून घ्यायची होतीस, असं लोक मला सांगतात. मेल्यांनो, लेकीची हळद काय रोज दळतात?