तीन इंचांनी उचललेली जीप

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. देवळात उभा राहून मनातल्या मनातसुद्धा नाही. शब्द जुळायला लागले की मी घंटा वाजवतो आणि बाहेर पडतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर तोंड उघडलं असतं का? नसतं.

पाटणच्या अलीकडं रस्त्याला लागून माझं गॅरेज आहे. वरच्या वाड्यावस्त्यांवर वडाप करणाऱ्या, म्हणजे भाड्यानं माणसं नेणाऱ्या जुन्या जीपांचं पोट दगडांना घासतं, म्हणून लोक मोठे टायर घालायला माझ्याकडं येतात. पण नुसते मोठे टायर घातले की वळणावर ते मडगार्डला घासायला लागतात. मग गाडी उचलावी लागते. चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये एकेक पट्टी जादा घालायची, टोकाच्या कड्या लांब करायच्या. गाडी तीन इंच वर येते, चाक मोकळं फिरतं. हे काम मला उत्तम येतं. येत नसतं तर निदान अडाणीपणाच्या आड लपता आलं असतं.

सर्जेराव माझा शाळेपासूनचा दोस्त. फौजेतून हवालदार होऊन आला, जीप घेतली आणि थोरल्या लेकीला, शालनला, चालवायला शिकवली. आमच्याकडं वडाप चालवणारी पहिली बाई तीच. आधी लोक फिदीफिदी हसले. वर्षभरात बायका दुसऱ्या गाड्या सोडून तिच्या जीपची वाट बघत थांबायला लागल्या, सोबत बाळंतीण असली तर हमखास. सर्जेराव शेजारच्या सीटवर नवरदेवासारखा बसायचा. मला काका म्हणायची ती. अजून म्हणते.

दसऱ्याच्या आधी त्यांची जीप मी उचलली. टायर बसवले, स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पार शेवटपर्यंत फिरवून बघितलं. कुठं घासत नव्हतं. एकच काम राहिलं होतं. गाडी वर गेली की चाकाकडं जाणारा ब्रेकचा रबरी पाईप तोकडा पडतो. त्याजागी लांब पाईप घालायचा असतो. तो सांगलीहून मागवावा लागतो, आणि मी मागवायला विसरलो होतो. आठवण झाली तेव्हा उशीर झाला होता. एसटीच्या पार्सलनं तो दसऱ्यानंतर येणार होता.

खंडेनवमीच्या सकाळी मी जीप जॅकवर घेतली, पुढची चाकं लोंबती सोडली आणि खाली वाकून बघितलं. पाईप पार ताणलेला. सपाट रस्त्यावर निभावलं असतं. पण चाक खड्ड्यात लोंबलं, पुन्हा लोंबलं, की कधीतरी तुटणार. आणि ह्या जुन्या गाड्यांत एका जागी ब्रेकचं तेल गेलं की चारही चाकांचा ब्रेक जातो. मला माहीत होतं. पुन्हा सांगतो, मला माहीत होतं.

मग मी काय केलं? सगळी हत्यारं धुतली, पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला. आमच्यात पूजेला लावलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत कुणी हात लावत नाही. दुपारी बापलेक आले.

"समदं झालं न्हवं गड्या?" सर्जेरावनं विचारलं. "उद्या दारात गाडीला हार घालायचा हाय."

"झालं. घिऊन जा."

पुढं कितीतरी दिवस मी स्वतःला बजावत राहिलो, हत्यारं पूजेला होती, माझा इलाज नव्हता. खोटं आहे हे. गाडी ठेवून जा म्हणायला पाना लागतो का? एवढंच बोलायचं होतं. पण मग मी विसरलो हे सांगावं लागलं असतं. तेही शालनसमोर, जी मला पाटणातला सगळ्यात हुशार मिस्त्री समजत होती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पार्सल आलं. मी फोन केला नाही. संध्याकाळी करू म्हटलं.

दुपारी उतारावर जीप वळणावर रस्ता सोडून खाली गेली. गाडीत दोघंच होते. शालनचा हात मोडला. सर्जेराव जागीच गेला.

शालन रडत एकच सांगत होती, "पाय पार खालपतूर गेला, काईच लागलं न्हाई." आणि लोक काय म्हणाले? पोरगी घाबरली, ब्रेक समजून क्लचवर पाय दिला. तोही खालपर्यंत जातोच की. बाईमाणसाच्या हातात गाडी दिल्यावर दुसरं काय होणार?

जीप ओढून माझ्याच गॅरेजात आणली. तपासणीला आरटीओचे साहेब तिसऱ्या दिवशी सकाळी येणार होते. मी शटर ओढलं. तुटलेला पाईप काढला, सांगलीचा नवा घातला, तेल भरलं, पाईपातली हवा काढली. नवा दिसू नये म्हणून त्याला चिखल आणि जळकं ऑइल फासलं. साहेबांनी पेडल दाबलं, ब्रेक लागला. मला विचारलं. मी म्हणालो, "ब्रेकात काय दोष न्हाई सायेब. पोरीचा पाय चुकला आसंल."

तिथून सरळ मी सर्जेरावच्या तिसऱ्याला गेलो. राख सावडली. ह्याच हातांनी.

सहा वर्षं झाली. शालननं पुन्हा स्टेअरिंगला हात लावला नाही. वडापात मागच्या बाकावर बसते आणि उतार लागला की डोळे मिटते, मी स्वतः बघितलंय. मी जेवतो, झोपतो, लोकांच्या गाड्या उचलतो. कसं जमतं? मलाही कळत नाही. छातीवर धोंडा असतो, तो घेऊनच उठतो.

आणि तुम्हाला वाटत असेल, झालं, एवढंच. नाही. एवढंच असतं तर कदाचित मी गप्पच राहिलो असतो.

गेल्या महिन्यात शालन गॅरेजवर आली. तिच्या गावाला आजारी माणसांना दवाखान्यात न्यायला गाडी मिळालीय, चालक मिळत नाही. बायकांनी तिचंच नाव धरून ठेवलंय. ती दारातच उभी राहिली. सर्जेरावसारखी हनुवटी वर करून.

"काका, येकच इचारते. मला अजूनबी वाटतंय, माझा पाय ब्रेकवरच व्हता. तुमी गाडी बघितली व्हती. तुमी पाय बराबर व्हता म्हनलासा तर मी घेते चालवायला. माझा पाय खरंच चुकला व्हता का?"

सहा वर्षांनी माझ्याच दारात येऊन तिनं मला विचारलं. गॅरेजात दुसरं कुणी नव्हतं. एका शब्दाचं काम होतं.

मी म्हणालो, "व्हय पोरी. चुकला व्हता."

वर केलेली हनुवटी तिनं खाली घेतली. मग म्हणाली, "बरं झालं काका, तुमी तरी खरं सांगितलंसा."

जाताना ती वाकली आणि माझ्या पाया पडली. मी पाय मागं घेतले नाहीत.