बु दार्सेमचा तिसरा ग्लास

बानुमास मुलखातली माणसं तोंड उघडायला लागली की जावा बेटावरचे बाकीचे लोक हसतात. त्यांची भाषा लोण्यासारखी, आपली धोंड्यासारखी. दार्सेमला त्याची कधी लाज वाटली नाही. "लोणी उन्हात वितळतं," ती म्हणायची, "धोंडा ऱ्हातो."

आता ती गावाकडं कोंबड्या सांभाळते. पण चहाचं पाणी उकळायला ठेवलं की तिला विद्यापीठातली ती जिन्याखालची खोली आठवतेच. एकतीस वर्षं काढली तिनं तिथं. एक शेगडी, बूड चेपलेलं पातेलं, मोगऱ्याच्या वासाची पत्ती, आणि झाकण असलेले काचेचे ग्लास. दार्सेम आत असली तर दुसऱ्यानं श्वास बाहेर जाऊन घ्यावा एवढीशी ती जागा! तरी दाराशी बाकड्यावर पोरींची गर्दी कायम. दार्सेम तेंप्याची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीची, मऊ भजी तळायची आणि पोरी कढईतूनच उचलायच्या.

"बु, पोळलं!"

"मग कढईत हात घालतीस कशाला? म्हशीचं शेण हाय व्हय थापायला?"

बु म्हणजे आई, आणि कुठल्याही बाईला मानानं म्हणायचं तेही बुच. तिला सगळ्या पोरी बुच म्हणायच्या. पोरींची नावं तिच्या ध्यानात राहत नसत, पण कोण साखर किती घेते ते पक्कं राही.

प्रबंधाचं साल आलं की पोरींना मार्गदर्शक मास्तरांच्या खोलीत एकट्यानं जावं लागे. वरच्या मजल्यावर, शेवटची खोली पाक, म्हणजे साहेब, विनार्सोंची. मोठा माणूस, डॉक्टर पदवीचा, शुक्रवारच्या नमाजाला पहिल्या रांगेत. एकदा त्यांच्या खोलीतून एक पोर बाहेर आली. फाईल छातीशी धरलेली, चेहरा पुसल्या पाटीसारखा. दार्सेमनं विचारलं काहीच नाही. विचारायची रीतच नव्हती. पण दुसऱ्या दिवसापासून तिनं एक धरलं. त्या खोलीत पोर एकटी गेली, की पाच मिनिटांत हिचा चहा आत. मग साखर पुरली का विचारायला. मग ग्लास न्यायला. मग दुसरा ग्लास.

"बु दार्सेम, हा तिसरा चहा," पाक विनार्सो ओठ दाबून हसायचे.

"उकाडा लई हाय, पाक. घशाला कोरड पडती."

चहा आणणाऱ्या माणसावर आमच्याकडं कुणी ओरडत नाही. ओरडला तर त्याचीच अब्रू जाते. ते दार्सेमला ठाऊक, आणि तिला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक. पोरींनाही कळलं. जिना चढताना चहाच्या खोलीत डोकावून म्हणायच्या, "बु, मी वर चालले."

"जा. आलेच मागनं."

एवढंच. त्यापुढं तिच्या तोंडून तेरा वर्षं चकार शब्द निघाला नाही. तिला वाटायचं, आपला चहा पुरतोय. मोठ्या माणसाला तोंडावर पाडायचं नाही, वाट वळवून न्यायचं, हे आईच्या दुधातूनच आलेलं.

मग भाचीचं लग्न निघालं. दार्सेम दोन दिवस रजेवर गेली. विगाती नावाची एक पोर होती, बारकी, चष्मेवाली, साखर अर्धाच चमचा घेणारी. पाक विनार्सोंनी तिला नेमकी शुक्रवारची दुपार दिली. प्रबंधावर त्यांची सही नाही तर सहा महिने फुकट. ती गेली. त्यांनी आतून कडी लावली आणि तिच्या अंगावर हात टाकला. ती कशीबशी सुटली, चपला तिथंच राहिल्या.

सोमवारी ती चहाच्या खोलीत येऊन बसली आणि सगळं बोलली. दार्सेमनं सवयीनं ग्लास पुढं केला. विगातीनं तो घेतला नाही.

"बु, तुम्हाला माहीत होतं ना? माहीत होतं म्हणूनच चहा आणत होता ना?"

"व्हय."

"मग कुणाला सांगितलं का नाही?"

पातेलं उतू गेलं तरी दार्सेमला कळलं नाही. मग तिनं शेगडी बंद केली आणि पोरीचा हात धरून तिला मागच्या इमारतीत नेलं. सरकारचा नवा नियम आला होता, प्रत्येक विद्यापीठात अशा गोष्टींसाठी समिती हवी. आमच्या समितीवर बु लेस्त्यानी होत्या, तरुण मास्तरीण. दार्सेमला वाटलं, आता विचारतील कपडे कसले घातले होते, एकटी का गेलीस. बु लेस्त्यानींनी दार लोटलं, पाणी दिलं आणि विचारलं, "तुला आत्ता काय हवंय?" आणि वही पुढं ओढली. विगाती म्हणाली, "मला त्यांच्याकडं परत जायचं नाही. आणि मला पदवी पाहिजे." त्यांनी तसंच्या तसं लिहून घेतलं. त्याच दिवशी मार्गदर्शक बदलला. डॉक्टरकडं जायचं का, पोलिसांत जायचं का, हेही विचारलं, पण कशाची घाई केली नाही.

डीनसाहेबांना मात्र घाई होती. भला माणूस, पण भांडणाला भिणारा. "आपण एक कुटुंब," ते म्हणाले. "घरच्या घरी मिटवू. स्टॅम्पच्या कागदावर माफी, हातात हात, सगळ्यांनी मिळून चहा." विगातीच्या बापाला गावाहून बोलावलं. तो बिचारा मास्तरांपुढं खुर्चीच्या कडेवर बसला. आणि चहा आणायला सांगितलं दार्सेमला.

ती तबक घेऊन आत गेली तेव्हा पाक विनार्सो बोलत होते. "मी हिचा मसुदा तीनदा परत केला, त्याचा राग आहे. एक तरी साक्षीदार आहे का?"

विगाती खाली बघत होती. बापानं सहीसाठी पेन हातात घेतलं होतं.

"चहा घ्या," डीन म्हणाले. "गरम आहे तोवर."

दार्सेमनं तबक टेबलावर टेकवलंच नाही. कंत्राटाची माणूस ती, दर डिसेंबरात सही व्हायची, आणि सही करणारे समोरच बसलेले.

"साक्षीदार मी हाय," ती म्हणाली, त्याच धोंड्यासारख्या बोलीत. "तेरा वर्सं. ह्यांच्या खोलीत मी चहा नेत हुते तो काय ह्यांच्या घशासाठी न्हाई. तेगल गावची उंच पोर, बिनसाखरेचा पिणारी. सिलाचापची, ती ग्लास दोन्ही हातांनी धरायची, बाहेर आली ती फाईल आतच टाकून. पुलावर पाणी आलं त्या साली ती गालावर तीळ असलेली, दोन चमचेवाली. अजून सांगू? अकरा हायेत. आन् मी बोलले न्हाई, ही माझी चूक. तीबी ल्ह्या."

"बु दार्सेम, तुम्ही बाहेर जा," डीन म्हणाले.

"जाते. पण पयलं ल्ह्या."

समितीतर्फे बसलेल्या बु लेस्त्यानींनी वही उघडली. विगातीच्या बापानं पेन खाली ठेवलं.

समितीनं जुन्या याद्यांवरून अकराजणी शोधल्या. सातजणींनी येऊन जबाब दिला. तेगलच्या पोरीनं दार्सेमला फोनवर सांगितलं, "बु, माझ्या नवऱ्याला माहीत नाही. माझं नाव नको." दार्सेमनं बु लेस्त्यानींना नाव खोडायला लावलं. ह्या पोरीची आठवण मात्र तिला सगळ्यात जास्त येते.

पाक विनार्सोंची नोकरी गेली. डिसेंबरात दार्सेमच्या कागदावरही सही झाली नाही. कारण लिहिलं होतं, वय.

विगातीची तोंडी परीक्षा मार्चमध्ये होती. दार्सेम गावाहून बस बदलत आली. बाहेर पोरीच्या मैत्रिणी फुलं घेऊन उभ्या. दार बंद, आत तीन परीक्षक. एकतीस वर्षांत ह्या इमारतीत तिला बाकड्यावर नुसतं बसून राहायचं काम कधी पडलं नव्हतं. ती दोनदा उठली. माळी साकुम म्हणाला, "बस की गं. आत तिघांत दोन बाया हायेत."

"मला ठाव हाय," ती म्हणाली आणि तिसऱ्यांदा उठली.

दार उघडलं. विगाती चष्मा पुसत बाहेर आली. "बु, झालं. पास झाले."

"मग रडतीस कशाला?" दार्सेम म्हणाली. "हाडं निघालीत नुसती. चल, आधी खायला चल."