बिनसांध्याचा शाफ्ट

माझा बाप धुळे-सोनगीर रस्त्यावर आधी बैलगाड्या हाकायचा, पुढे उतारूंची मोटार चालवायला लागला; अक्कल मात्र गाडीवानाचीच राहिली. लढाई संपल्यावर त्याने लष्कराच्या मोडीतली एक लॉरी घेतली आणि तिचं दांडगं इंजिन आमच्या जुन्या मोटारीत बसवलं. राहिला शाफ्ट, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकांना नेणारा दांडा. लॉरीचा शाफ्ट चांगला जाड होता, पण लांब. तो कापून मधे सांधावा लागणार होता.

“आबा, इंजिन दांडगं शे, आपला शाफ्ट बारीक शे. लॉरीनाच लावूत,” माझा नवरा म्हणाला. तो आमच्याकडे घरजावई होता, मोटारीवर तिकिटं फाडायचा.

“सांधेल आख मनी गाडीले कधी लागना नही,” बाप गुरकावला. बैलगाडीचा आख पारखतात तसा त्याने जुना शाफ्ट दोन दगडांवर आडवा टाकला आणि त्यावर चार धटिंगण उभे केले. दांडा वाकला नाही. झाली परीक्षा! आखावर वजन पडतं, शाफ्टला पीळ पडतो, हे त्या शहाण्याला कोण सांगणार? नवरा पुन्हा तोंड उघडू लागला, तर बाप चारचौघांत म्हणाला, “पाव्हना, तुले भ्याव वाटस ना? मंग त्यानावरच बठ.”

आणि पहिल्याच फेरीला त्याला खरोखरच शाफ्टच्या वरच्या फळीवर बसवलं. उतारू फिदीफिदी हसत होते. मी मागच्या बाकावर होते. “आबा, त्यासले उठाडा,” असं दोनदा ओरडले. बापाने मागे वळूनही बघितलं नाही.

नाल्यातून वर चढताना मागची चाकं वाळूत रुतली. बाप चिडला आणि त्याने इंजिनाचा सगळा जोर लावला. शाफ्ट पिळवटून तुटला, फिरता तुकडा फळी फोडून वर आला आणि त्याने नवऱ्याची मांडी कुटून काढली. बाप खाली उतरला. आधी त्याने मोटारीखाली वाकून बघितलं, मग जावयाकडे.

“नीट बठना नही व्हयी,” तो म्हणाला.

धुळ्याच्या दवाखान्यात पाय मांडीपासून कापला. शुद्धीवर आल्यावर नवऱ्याने पांघरुणाखाली हात फिरवला, काय ते समजला आणि हळूच मला विचारलं, “आबा रागे भरनात का?”

बापाची मला किळस होतीच. पण त्या क्षणी या माणसाचा असा संताप आला, की त्याच्यासाठी भरलेला पाण्याचा पेला मी त्याच्या देखत जमिनीवर ओतला.