कुंपणापलीकडचा वादक: ॲडलेडच्या कॅरिबियन मंडळात एक शनिवार

खरं तर भांडून निघाले होते. आमच्या ब्रिस्बेनजवळच्या स्प्रिंगफील्ड लेक्सच्या ढोल पथकाविरुद्ध हॉलशेजारच्या ग्रॅहमने पुन्हा तक्रार केली, आणि हॉलवाल्यांनी बजावलं, की आता एक जरी तक्रार आली तरी जागा बंद. आमच्या कमिटीला तेवढंच निमित्त पुरलं. "मुलंही येत नाहीत, कशाला उरस्फोड? पुढच्या मीटिंगमध्ये पथक गुंडाळू." गुंडाळू म्हणे! सतरंजी आहे का ती? हे पथक मी उभं केलंय हो!

ॲडलेडला माझा मावसभाऊ प्रसाद असतो, मॉसन लेक्सला युनिव्हर्सिटीत शिकवतो. त्याच्याकडे फोनवर मन मोकळं केलं, तर म्हणाला, "ताई, इथे कॅरिबियन लोकांचं एक मंडळ आहे. तिथली म्हातारी तुझ्यासारखीच भांडखोर आहे. ये एकदा, बघून जा." मीटिंगच्या आधीचा शनिवार गाठला आणि लेकीला, इराला, जवळजवळ ओढतच विमानात बसवलं. वय चौदा. मी मराठीत बोलायचं आणि तिने इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचं, असा आमच्या घरचा करार आहे. पथकाकडे तर ती ढुंकून बघत नाही.

जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. ब्रिस्बेनहून थेट विमान मिळतं, पण साउथ ऑस्ट्रेलियात बाहेरची फळं-भाज्या नेता येत नाहीत, फळमाशीचं फार कडक आहे. मी प्रसादसाठी कुंडीतल्या मिरच्या नेल्या होत्या. विमानतळावर त्या निमूटपणे पिंपात टाकाव्या लागल्या. इरा म्हणाली, "मम, आय टोल्ड यू." हो बाई, सांगितलं होतंस.

मंडळाचा हॉल मॉसन लेक्सहून गाडीने जवळच आहे. बाहेरून अगदीच साधा, पत्र्याचा. आत पाऊल टाकलं आणि आलं-लवंगेचा वास आला. मिस मर्ल दारातच उभ्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, जांभळा फेटा, हातात पळी. सगळे त्यांना मिस मर्लच म्हणतात. त्यांनी लालभडक सरबताचा ग्लास माझ्या हातात दिला. एक घोट घेतला आणि ओरडलेच, "अगं बाई, ही तर अंबाडी!" आपण जिची भाजी करतो ना, तिचीच लाल बोंडं उकळून केलेलं सरबत. ते तिला सॉरेल म्हणतात. शाकाहारी मंडळींनी काळजी करू नये. तळलेल्या मऊ पुरीत छोले भरून देतात, त्याला डबल्स म्हणतात. मी तीन खाल्ले, प्रसादने मोजायचं सोडून दिलं.

मग वाजवणं सुरू झालं. स्टीलपॅन म्हणजे तेलाचं पिंप कापून, हातोडीने ठोकून त्यातून सूर काढलेलं वाद्य. इंग्रज सरकारने त्रिनिदादमध्ये ढोल वाजवायला बंदी केली, तेव्हा लोकांनी बांबू आपटले, मग बिस्किटांचे डबे, मग ही पिंपं. "वाजवू नका म्हटलं की आम्ही नवीन वाद्य शोधतो," मिस मर्ल म्हणाल्या. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

त्या नर्स म्हणून इथे आल्या. जमैका, बार्बाडोस, त्रिनिदादची चार घरं त्यांच्या गॅरेजमध्ये जमायची, तेच हे मंडळ. आता शनिवारी वादन, नव्या आलेल्या कुटुंबांना घर शोधायला मदत, एकट्या म्हाताऱ्यांना डबे, मुलींना केसांच्या बारीक वेण्या घालायचे वर्ग, आणि ऑगस्टमध्ये गुलामीतून सुटकेच्या दिवसाचं मोठं जेवण. इथला नियम असा, की नुसतं बघत कोणी बसायचं नाही. भांडी घासा नाहीतर वाजवा.

ताल धरणाऱ्यांच्या घोळक्याला ते इंजिनरूम म्हणतात. तिथे एक गोरा, टकला आजोबा मोटारीचा लोखंडी ब्रेकड्रम सळईने बडवत होता. आपल्या पथकात बडवतात त्या टोलाचा सख्खा भाऊच! मी विचारलं, "हे कुठल्या बेटावरचे?"

मिस मर्ल खो खो हसल्या. "केविन? तो मागच्या घरातला. आमच्या नावाने दर आठवड्याला तक्रार करायचा. एकदा चिडून कुंपणावर पाना आपटायला लागला. मी ऐकत राहिले. बाळा, त्याचा ताल एकदाही चुकला नाही! मी गेले, त्याला जेवायला बोलावलं आणि हातात लोखंड दिलं."

"अजूनही आवाज जास्तच आहे," केविन गुरगुरला, आणि सळई इराच्या हातात देऊन म्हणाला, "धर, मेट."

मला वाटलं, आता ही नाक मुरडणार. पण इराने दणादण सुरुवात केली. निघायची वेळ झाली तरी सोडेना!

घरी आल्यावर बॅग तशीच ठेवली, बेसनाचे लाडू वळले आणि ग्रॅहमचं दार वाजवलं. त्याने दार उघडलं, तर डोळे तांबारलेले. हॉस्पिटलात रात्रपाळी करतो बिचारा, शनिवारी दुपारी, नेमका आमच्या सरावाच्या वेळी झोपतो. हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, "सराव तू उठल्यावर करू. पण मग तू यायचंस." तो लाडू खात म्हणाला, "नो वरीज. बघू."

मीटिंगमध्ये मी शनिवारपर्यंत मुदत मागून घेतली. कुरकुरत दिली.

शनिवारी संध्याकाळी ग्रॅहम खरंच आला. आमच्याकडे माणसं मोजकीच. मी त्याच्या कमरेला ढोल बांधला, हातात टिपरू दिलं. त्याने इतकं हळू मारलं, जणू पेशंटच उठेल. आणि तेवढ्यात, कोपऱ्यात फोन घेऊन बसलेली इरा उठली, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"असं नाही, मेट. जोरात! घाबरतोस कशाला?"

"जोरात?" ग्रॅहमने विचारलं.

"हो, जोरात. माझ्याकडे बघ. एक, दोन, तीन, चार…"

'जोरात' मराठीत, आकडेही चक्क मराठीत! माझे डोळे भरून आले. मी पाठ फिरवून एका ढोलाच्या दोऱ्या ताणत बसले. त्या आधीच ताणलेल्या होत्या.