कितवी गाथा चालू आहे?

"एमआरआय स्वच्छ आहे. गाठ परत आलेली नाही," डॉक्टर म्हणाले, आणि माझा चेहरा पडला.

शेजारी बसलेल्या माझ्या मुलीने, अस्मिताने, तो पाहिला. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "मम्मी, तुला आनंद कावून झाला न्हाई?" मी म्हटलं, दमलेय. खरं कारण सांगायची लाज वाटली. गाठ परत आलेली असावी, अशी माझी आशा होती. गाठ असली की लोक भेटायला येतात, केळी-सफरचंदं आणतात, हळू आवाजात बोलतात. पण गाठ नाही आणि तरीही बाई भर मांडवात चुकते, तर तिला काय म्हणायचं? आमच्याकडे त्यासाठी शब्द आहेत आणि ते सगळे मला माहीत होते.

डॉक्टरांनी वेगळा शब्द सांगितला. "हे लेट रेडिएशन इफेक्ट्स आहेत." म्हणजे डोक्याला किरण दिल्यावर काही वर्षांनी दिसणारे परिणाम. ज्यांच्या घरात असं किरण घेतलेलं माणूस आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. मला कुणी आधी लिहून दिलं असतं तर मी इतकी लपले नसते.

मी घाटनांदूरची. ब्लाऊज शिवते. पाच वर्षांपूर्वी एका दुपारी मशीनवर बसलेली असताना उजवा हात आपोआप झटके देऊ लागला आणि मी खाली पडले. संभाजीनगरला नेलं. तपासणीत मेनिंजिओमा निघाला. मेंदूभोवती जे आवरण असतं, त्यातून वाढणारी ही गाठ. ऑपरेशन झालं. गाठीचा रिपोर्ट ग्रेड टू आला, म्हणजे अगदी साधी नाही आणि अगदी वाईटही नाही. पुन्हा उगवू शकणारी. म्हणून रेडिओथेरपी ठरली.

आमच्याकडे तिला शेक म्हणतात. पण त्यात चटका लागत नाही. प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर दाबतात, ती तुमच्या नाकाडोळ्यांच्या मापाची होते आणि तिनेच डोकं टेबलाला अडकवतात. शिंपिणीला मापाचं कौतुक. मी पहिल्या दिवशी तेच बघत होते. सहा आठवडे मी आणि मिस्टर तिथेच चुलतभावाच्या खोलीवर राहिलो. केस एका बाजूने गेले, जेवणाची चव गेली, दोन्ही परत आलं. सुरुवातीला एका तरुण डॉक्टरने सांगितलं होतं, "पुढे स्मरणशक्तीवर परिणाम होऊ शकतो." मी मान हलवली. जगणार की नाही हे विचारायला आलेल्या माणसाला स्मरणशक्तीचं काय!

नंतरची दोन वर्षं चांगली गेली. मग एका गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजच्या दोन्ही बाह्या मी डाव्या हाताच्या कापल्या. शिकाऊ मुली करतात ती चूक. कापड दुहेरी न घालता कापलं आणि दुसरी बाही उलटवायची राहिली की असं होतं. मी तसंच कापड शोधून आणलं आणि गुपचूप नवी बाही लावली. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. टेपवर माप बघायचं आणि खडूने कापडावर टाकायचं, एवढ्या वेळात आकडा डोक्यातून जायचा. ओळखीच्या बायकांची नावं जिभेवर यायची नाहीत, म्हणून मी सगळ्यांना "बाई" म्हणू लागले. चहा टाकून विसरायचे आणि पातेलं घासून ठेवायचे. घरात कळू दिलं नाही. कापणं सोडून फक्त साड्यांच्या फॉल-पिकोचं काम घेऊ लागले. विचारणाऱ्याला सांगायचे, डोळ्यांना त्रास होतो.

हे लपलं असतं. लग्नात लपलं नाही.

आम्ही बौद्ध. आमच्या लग्नात भटजी नसतो. बौद्धाचार्य वंदना घेतो, नवरा-नवरीकडून प्रतिज्ञा म्हणून घेतो आणि मग मंगलाच्या आठ गाथा म्हणतो. मी बौद्धाचार्यांचं शिबिर केलेलं आहे. गावातली कितीतरी लग्नं आणि नामकरणं मी लावली. बाईमाणूस लग्न लावते म्हणून सुरुवातीला पुरुषांनी नाकं मुरडली, पण माझ्या पाठांतराला कुणी नाव ठेवलं नाही. हातात पुस्तक न घेता म्हणायचे. त्याचा मला गर्व होता.

मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या वत्सलाबाईच्या थोरल्या मुलीचं लग्न होतं. नवरदेव शिरूर कासारचा. मी उभी राहिले. या आठ गाथांची शेवटची ओळ एकच असते. ती ओळ आली की लोक फुलं टाकतात आणि म्हणणारा पुढची गाथा धरतो. पाचवी झाली असेल किंवा सहावी, ती शेवटची ओळ मी म्हटली, फुलं पडली, आणि आता कितवी धरायची हे मला कळेना. एकही शब्द विसरले नव्हते. आठही गाथा समोर होत्या, फक्त मी त्यात कुठे उभी आहे ते समजत नव्हतं. थांबायची भीती वाटली, म्हणून तोंडाला आली ती धरली. ती दुसरी होती. मग तिसरी, चौथी. पुन्हा तीच शेवटची ओळ आणि पुन्हा तसंच. मी परत दुसरीवर गेले.

लोकांच्या हातातली फुलं संपली. पोरं खाली पडलेली गोळा करून टाकू लागली. एक म्हातारे बाबा मोठ्याने म्हणाले, "सुनंदाताई, आमची फुलं संपली की वो! आता काय चपला फेकाव्या?" मांडव हसला. मी गातच राहिले. शेवटी माझे मिस्टर व्यासपीठावर आले आणि कानात म्हणाले, "बस कर. झालं." त्यांनी माझ्या हातातला माईक काढून घेतला. किती फेऱ्या झाल्या ते मी आजवर कुणाला विचारलेलं नाही. व्हिडिओ आहे म्हणतात. पाहिलेला नाही.

जेवणं झाल्यावर हात धुवायच्या जागी दोन बायका पाठमोऱ्या बोलत होत्या. "तिला डोक्याला शेक दिलता न्हाई का? मेंदू करपला असंल. भाकरी न्हाई का करपत तव्यावर राहिली की, तसं." उपमा चुकीची नव्हती. मी हात न धुताच मागे फिरले.

त्यानंतर मी विहारात जाणं बंद केलं. कुणी बोलवायला आलं की घसा धरलाय म्हणायचे. कुठल्या लग्नाला गेले नाही. वत्सलाबाईच्या दारावरून जायला नको म्हणून मागच्या बोळातून दुकानात जायचे. या वयात, दिवसाउजेडी, चोरासारखी. ऐन मंगलाच्या वेळी तिच्या लेकीचं हसं केलं, याची लाज आजारापेक्षा जड होती.

अस्मिताने शेवटी अंगावर ओरडून दवाखान्यात नेलं. तिथे एमआरआयबरोबर एक तोंडी परीक्षाही झाली. न्यूरोसायकॉलॉजिकल टेस्ट, म्हणजे आठवण, लक्ष आणि हिशेब यांची तपासणी. अस्मिताच्या वयाची डॉक्टर होती. तिने तीन शब्द सांगितले आणि म्हणाली, "थोड्या वेळाने विचारीन." मध्ये घड्याळ काढायला लावलं, महिने उलटे म्हणायला लावले. मी ऑगस्टवरून जूनवर गेले. मग तिने ते तीन शब्द विचारले. मला आंबा आठवला. पुढचं काही येईना, म्हणून मी म्हटलं, "कैरी." ती हसली नाही. "वेळ घ्या काकू," म्हणाली. ती हसली असती तर बरं झालं असतं.

मोठ्या डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. मेंदूत पांढरा भाग असतो, व्हाइट मॅटर. एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाला नेणाऱ्या तारा तिथे असतात. किरणांनी गाठ मरते, पण या तारांवरचं आवरण आणि बारीक रक्तवाहिन्या हळूहळू खराब होऊ शकतात. सगळ्यांना होतं असं नाही. किती किरण दिले, कुठे दिले, वय काय, यावर ते असतं. त्यांनी बी-ट्वेल्व्ह आणि थायरॉइड तपासलं, झटक्यांच्या गोळ्या बदलल्या आणि मन उदास असतं का तेही विचारलं. या सगळ्यांनीही विसरायला होतं आणि त्यावर उपाय असतो. म्हणून कुणीही आपल्या मनाने "शेकाचंच आहे" असं ठरवून घरी बसू नये. मी बसले होते.

मी त्यांना लग्नाची गोष्ट सांगितली. खाली बघून. ते म्हणाले, "गाथा तुम्ही विसरला नाहीत. जुनं पाठांतर शाबूत आहे. वर्किंग मेमरी दमते, म्हणजे काम चालू असताना तेवढ्यापुरतं डोक्यात धरून ठेवायची ताकद. कितवी चालू आहे हे धरणारी जागा ती." हे पूर्ण बरं होईल का, असं मी विचारलं. "बहुतेक नाही. पण त्याच्याबरोबर काम करता येतं. एका वेळी एकच काम करा. आवाजात, गर्दीत महत्त्वाचं काम करू नका. झोप पुरी घ्या. आणि लोकांना सांगा. लपवण्यात तुमचं अर्धं डोकं खर्च होतंय."

शेवटचं वाक्य मला पटलं, कारण ते हिशेबाचं होतं.

पौर्णिमेला विहारात गेले. वंदना झाल्यावर उठून उभी राहिले आणि सांगितलं, "माझ्या डोक्याला शेक दिलेला आहे. त्याने मधलं मधलं सुटतं. वत्सलाबाईच्या लेकीच्या लग्नात तेच झालं. माफ करा." एवढंच बोलले.

वत्सलाबाई पहिल्याच रांगेत होती. ती म्हणाली, "आगं बया, एवढ्यासाठी तू सहा महिने मागच्या बोळानं हिंडतीस व्हय? आमी म्हणलो, कशाचा राग आलाय हिला. आन् काय गं, शिरूरवाले तर लई खूश होते. पोरीची सासू, आमची याहीण, म्हणली, तुमच्यात मंगल भरपूर करत्यात बाई, आमच्याकडं आठातच गुंडाळत्यात."

बायका हसल्या. मला हसता आलं नाही. मी खाली बसले आणि पदराने तोंड पुसलं.

या वर्षी तिच्या धाकटीचं लग्न ठरलं. लग्न मीच लावायचं, असं ती दारात येऊन सांगून गेली. मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती परत आली. "मी तुझ्या बाजूला उभी राहते. बोटं मोजते. आठ झाल्या की तुझा पदर ओढते. मग तर झालं?" नवरीच्या आईने लेकीच्या मंगलात आचार्यापाशी उभं राहून बोटं मोजायची, हे कुठे पाहिलेलं नाही. तरी ती हटली नाही.

बँडवाल्याला आधीच गप्प केलं. गाथांचा क्रम मी मोठ्या अक्षरांत लिहून समोर ठेवला होता. पुस्तकाशिवाय म्हणणारी मी, आता कागद घेऊन उभी होते आणि कान तापले होते. एक गाथा, दुसरी. शेवटची ओळ आली की डोळा कागदावर आणि कान वत्सलाबाईकडे. मध्येच कागदावरची ओळ सुटली, पण मी थांबले नाही. बाई मोजते आहे, यावर भरवसा ठेवला. थोड्या वेळाने पदर ओढला गेला. मी हात जोडले आणि गप्प झाले.

"ताई, एक राहिली!" समोरून आवाज आला. "सातच झाल्या!"

मी वत्सलाबाईकडे पाहिलं. ती आपल्या बोटांकडे बघत होती. लेकीकडे बघता बघता रडली होती आणि मोजणी हुकली होती. मग तिने कपाळावर हात मारला आणि माईकजवळ उभी आहे हे विसरून म्हणाली, "तुला तर शेक दिलाय. मला काय झालंय गं?"

मांडवात हशा फुटला. मीही हसत होते, आणि हसू थांबेना म्हणून आठवी गाथा सुरू करायला जरा वेळ लागला. लोक थांबले.