पायाळूचा पाय आणि लांबडीची पाठ

सर्व संबंधितांस, आणि ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशा वडगाव-खासबागेतल्या तमाम स्त्री-पुरुषांस, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखकाचा उजवा पाय लोकसेवेतून कायमचा निवृत्त झाला आहे. यापुढे तो कोणाच्याही पाठीला, कंबरेला अथवा बरगडीला लावण्यात येणार नाही. निरोपसमारंभ ठेवलेला नाही.

मी पायाळू. जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर काढले, एवढंच माझं कर्तृत्व. पण आमच्याकडे पायाळूचा पाय औषधी मानतात. पाठीत उसण भरली की पायाळूनं त्या जागी तीनदा पाय लावायचा, की उसण गेली. चाळीस वर्षं वडगावातले विणकर माझ्यापुढे पालथे पडत आले. मागावर दिवसभर वाकून बसणाऱ्यांच्या गल्लीत पाठी दुखायला कारण लागत नाही. मीही साधेपणानं पाय लावला असता तर शपथ. आधी पाय धुवायचा, मग डोळे मिटायचे, मग काहीतरी पुटपुटायचं. लोकांना तो मंत्र वाटायचा. मी सतराचा पाढा म्हणायचो.

आमच्या घरी मागच्या शेडमध्ये माझे दोन यंत्रमाग खडखडतात आणि पुढच्या सोप्यात आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, हातमाग आहे. जमिनीत गुडघाभर खड्डा, त्याच्या काठावर विणणारा बसतो आणि पाय खाली सोडून मागाच्या पावड्या दाबतो. आई होती तोवर ती शेजारी बसून धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायची. ती गेली आणि आप्पांनी मागावर चादर टाकली. दोन वर्षं ते नुसते दारात बसून राहिले.

मग निपाणीच्या मेहुण्यानं कुत्री आणून दिली.

मेहुण्याला कुत्र्यांचा भारी नाद. त्याच्याकडे डॅशहाउंड जातीचे तिन्ही प्रकार आहेत आणि तिन्हींवर तो तासतासभर बोलतो. आखूड केसांचं असतं त्याला थंडी सोसत नाही, हिवाळ्यात ते अंथरुणात शिरणारच. लांब केसांचं जरा शांत, पण रोज विंचरायचं आणि कान साफ ठेवायचे. राठ केसांचं, दाढीमिशीवालं, सगळ्यांत खोडकर. त्यातही मोठ्या अंगाचं आणि छोट्या अंगाचं असे भेद. आमच्या वाट्याला आली ती छोट्या अंगाची, आखूड केसांची, काळी कुळकुळीत, भुवयांवर दोन तांबूस ठिपके. मेहुणा म्हणाला, ही जात जर्मनीत बिळात शिरून जनावर बाहेर काढायला तयार केली. पाय आखूड, पाठ लांब, आवाज मात्र म्हशीएवढ्या कुत्र्याचा. हट्टी लई. माणूस एकच धरणार. जाताना मोटारसायकलला किक मारता मारता तो आणखी काहीतरी बोलला. पाठीला जपा, उड्या मारू देऊ नका, जाड होऊ देऊ नका. सगळ्यांत महत्त्वाचं सगळ्यांत शेवटी सांगायची आमच्या सासुरवाडीची पद्धतच आहे. ऐकलं कुणी?

कुत्रीनं धरलेला माणूस म्हणजे आप्पा. तिचं एक ठेवणीतलं नाव होतं, आप्पा तिला लांबडी म्हणायचे. पहिल्याच आठवड्यात तिनं चादरीखाली नाक खुपसलं, खड्डा पाहिला आणि आत उडी घेतली. बिळात शिरायची जात ती, तिला आयतंच बीळ मिळालं. बाहेर यायचं नावच काढेना. शेवटी आप्पा खड्ड्यात पाय सोडून बसले, ती त्यांच्या पायांवर झोपली, आणि बसलोच आहोत तर म्हणून त्यांनी चादर काढली. दोन वर्षांनी आमच्या सोप्यात धोट्याचा आवाज आला. मागं शेडमध्ये मी दोन्ही यंत्रमाग बंद केले आणि उभ्या उभ्या तो ऐकला.

त्यानंतर रोजचंच झालं. आप्पा बसले की लांबडीची उडी आत, आप्पा उठले की उडी बाहेर. दिवसातून वीसदा तरी. शिवाय लोणी लावलेली भाकरी. ती घागरीसारखी गोल झाली, तर आम्ही म्हणालो, तब्येत धरली.

एका रविवारी सकाळी ती खड्ड्याच्या काठावर उभीच राहिली. पाठ कमानीसारखी वर, मान खाली, अंग थरथरतंय. उचलायला गेलो तर कळवळली. बायको म्हणाली, जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावा. लावला, दवाखाना बंद. आप्पांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि निदान केलं.

"उसण भरल्या. पाय लाव रं."

मी म्हणालो, आप्पा, कुत्री आहे ती.

"माणसाला चालतंय, मग मुक्या जनावराला न्हाय व्हय?"

तोवर दारात शेजारची चार माणसं जमली होती. इथं मला खरं सांगायला हवं. मला नको वाटत होतं, पण प्रेक्षक जमले की माझ्यातला नट झोपत नाही. मी पाय धुतला. डोळे मिटले. सतराचा पाढा म्हटला. एकदा लावला, दुसऱ्यांदा लावला. तिसऱ्यांदा अंगठा टेकवला तेव्हा ती अशी किंचाळली की शेजारचे मागे सरकले. मी जोर दिला नव्हता. आजही छातीवर हात ठेवून सांगेन, दिला नव्हता. पण अंगठ्याला तिच्या मणक्याची थरथर लागली होती, ती अजून लागते.

सोमवारी सकाळी लांबडी पुढच्या दोन पायांवर सोप्यात आली. मागचे दोन मागून फरफटत येत होते, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.

दवाखान्यात आप्पांनी तिला परातीत ठेवून नेलं. डॉक्टर धारवाडकडचे, मराठी चांगली, हेल कानडी. त्यांनी मागच्या पायाची बोटं चिमट्यानं दाबली. लांबडीनं मान वळवून पाहिलं. डॉक्टर म्हणाले, पायात जाणीव आहे, म्हणजे आशा आहे. या जातीच्या मणक्यांमधली गादी लवकर झिजते, उड्यांनी आणि वजनानं ती सरकते आणि आतली नस दाबते. मग त्यांनी विचारलं, पडली होती का? कुणाचा पाय पडला का पाठीवर?

मी म्हणालो, "नाही."

आप्पा भिंतीवरचा गाईचा तक्ता वाचायला लागले. त्यांना कानडी बोलता येतं, वाचता येत नाही. तक्ता कानडीत होता.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सहा आठवडे बंदिस्त ठेवायला सांगितलं. उडी नाही, पायरी नाही. उचलायची तर एक हात छातीखाली, एक मागे, पाठ सरळ. लघवी साचू द्यायची नाही, पोट हलकं दाबून करवायची. भाकरी बंद, मोजका आहार. आणि रोज सकाळी बोटं दाबून पाहायची. ज्या दिवशी ती मान वळवणार नाही, त्या दिवशी तडक आणायची. मग ऑपरेशन, तेही लांबच्या गावी, आणि त्यानंतरही पायांची खात्री नाही.

आप्पांनी जुन्या मोडक्या मागाची लाकडं काढून ठेंगणं कुंपण केलं आणि मागाजवळ मांडलं. पण धोटा चालला की लांबडी उठायची धडपड करायची. दोन दिवसांनी आप्पांनी खड्ड्यावर फळ्या टाकल्या आणि मागावर पुन्हा चादर. तीच चादर. मला ती बघवेना. मी नको त्या वेळी शेडमध्ये जाऊन यंत्रमाग चालू करायचो.

रोज सकाळी बोटं दाबायचं काम माझं. मी दाबायचो आणि तिच्या मानेकडे बघायचो. वळली की आमचा दिवस सुरू. तिसऱ्या आठवड्यात एकदा वळली नाही. मी पुन्हा दाबली. नाही. आप्पा दाराच्या चौकटीला धरून उभे होते. तिसऱ्यांदा दाबली तेव्हा तिनं पाय एवढासा ओढून घेतला आणि माझ्याकडे न बघता सुस्कारा सोडला. आप्पा खाली बसले. मीही बसलो. मी म्हणालो, डॉक्टरांना खरं सांगू या.

त्यांनी तिचा पाय हलकेच सरळ करून ठेवला. मग म्हणाले, "सांगून पाय परत येत्यात व्हय रं? आणि सांगायचंच तर माझं नाव सांग. लाव म्हणून मीच सांगिटलं."

त्याच दिवशी गल्लीतली एक आक्का कंबर धरून आली आणि उंबऱ्यात पालथी पडली. माझा पाय काही केल्या उचलेना. मी तिला शेक घ्यायला सांगितला. ती उठून बसली आणि म्हणाली, कुत्रीला लावतोस आणि मला न्हाय व्हय? बायको आत हसली. मला हसू आलं नाही, आणि हसू न येणं हा माझ्या आयुष्यात आजारच समजायला हवा.

चौथ्या आठवड्यात शेपूट हलली. पाचव्यात मागचा डावा पाय जमिनीवर टेकला. आप्पांनी साडीच्या पदराचा उरलेला तुकडा घेऊन तिच्या पोटाखालून झोळी घातली आणि दोन्ही टोकं वर धरून तिला अंगणात चार पावलं चालवायला लागले, डॉक्टरांना विचारूनच. गर्भरेशमी झोळीतली कुत्री आणि वाकलेले आप्पा. वडगावात नवरीलासुद्धा कुणी एवढं जपून चालवलं नसेल.

सहा आठवडे झाले तेव्हा आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी झोळी सोडायला लावली. लांबडी उभी राहिली. मागचा भाग दारू प्याल्यासारखा डावीकडे झुकला, सावरला. मग ती वाकडीतिकडी चालत थेट आप्पांच्या पायांपाशी गेली आणि त्यांच्यावर बसली. आप्पांनी धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसला. डॉक्टर म्हणाले, नोड्री, बघा, चालली की नाही. थोडी वाकडी चालेल, पण चालेल. माग लावायचा तर लावा, फक्त खड्ड्यात उतरायला फळीचा उतार करा.

मी ठरवून आलो होतो. आता सांगायचं, शिस्तीत, एकांतात, शब्द जुळवून. लांबडीचा पाय तपासायला डॉक्टर खाली वाकले होते, ते उठेपर्यंत मी थांबलो. ते उठलेच नाहीत. अर्ध्यावर अडकले, एक हात टेबलावर, एक कंबरेवर, तोंडातून बारीक आवाज.

आणि आप्पा, लांबडी पायांवर बसलेली, चष्मा हातात, चेहरा सहा आठवड्यांत पहिल्यांदा फुललेला, बोलून गेले:

"डाक्टर, हलू नगासा, ह्यो माझा ल्योक पायाळू हाय, लांबडीच्या पाठीला बी ह्येनंच पाय लावलता!"